१२० नंतर कोणती? वाढत्या मुलीसाठी पुढच्या मापाची स्नोमोबाईल: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

मुलीची सध्याची १२० सीसी वर्गातली स्नोमोबाईल (पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी) लहान पडली आहे, पुढची निवडायची आहे. पहिले काम मोजमाप. बर्फ पडायच्या आधीच घ्यायचे, पण पूर्ण हिवाळी पेहरावात. घरच्या कपड्यांत घेतलेले माप इथे चालत नाही. जाड हातमोज्यामुळे बोटांची पोच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी होते, बुटाच्या तळव्याने पाय तीनेक सेंटिमीटर लांब होतो आणि सूटच्या जाडीमुळे गुडघा पुरता दुमडत नाही.

मुलगी, वय ९. उंची १३४ सेंमी. पायाची आतली लांबी (जांघेपासून टाचेपर्यंत) ६१ सेंमी. वजन ३१ किलो, हेल्मेट-बूट-सूट धरून ३६ किलो. हातमोजा घालून तर्जनी आणि मधल्या बोटाची पोच, म्हणजे हँडलच्या मुठीच्या मागच्या कडेपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, ७ सेंमी.

हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ब्रेकच्या लिव्हरवर बोटांची टोकं नुसती टेकून काही होत नाही, पहिलं पेर लिव्हरला वेढा घालून बसायला हवं. उंची दोन वर्षांनी वाढेल तेव्हा वाढेल, ब्रेक आजच लागायला हवा.

१० नोव्हेंबर

सध्याची गाडी १२० वर्गातली. आर्क्टिक कॅट झेडआर १२०, पोलारिस इंडी १२०, स्की-डू एमएक्सझेड १२० या सगळ्या एकाच घाटाच्या: साधारण १२० ते १२५ सीसीचं हवेने थंड होणारं चार-स्ट्रोक इंजिन, सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की त्याचे शूज बाहेर फेकले जाऊन ड्रमला पकडतात), चेन आणि ताशी १३ किमीच्या आसपास वेग रोखणारा गव्हर्नर. शिफारस केलेलं वय साधारण सहापासून पुढे. मुलांसाठी वेगळी गाडी ही कल्पना या गाड्यांहून जुनी आहे. आर्क्टिक कॅटची ६० सीसी 'किटी कॅट' १९७२ साली आली.

गाडी लहान पडली हे कशावरून ओळखायचं?

बसून हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघा हँडलच्या टोकाला लागतो. डावीकडे थोडा, उजवीकडे चांगलाच. फूटबोर्डपासून सीटची उंची २९ सेंमी, त्यामुळे गुडघे कंबरेच्या वर येतात. उभं राहून चालवताना पाठ पूर्ण वाकते आणि अंगाचा भार मनगटांवर जातो. तिसरी खूण इंजिनाच्या बाजूला दिसते. मऊ बर्फात चढावर क्लचचे शूज घसरतात, जळका वास येतो, ड्रमवर निळसर झाक चढते. वाढलेलं वजन ओढताना इंजिन क्लच पूर्ण पकडेल इतक्या फेऱ्यांना पोचत नाही आणि शूज नुसते घासत राहतात.

चौथी खूण सहज नजरेतून सुटते, पण पुढचं सगळं वळण तिच्यावर ठरतं. गव्हर्नर असलेल्या गाडीवर मूल थ्रॉटल (उजव्या अंगठ्याने दाबायचा वेगाचा लिव्हर) बटणासारखा वापरायला शिकतं: एक तर पूर्ण दाबलेला, नाही तर सोडलेला. मधलं काही नाही, कारण मधल्याची गरजच पडत नाही. ही सवय २०० सीसीवर तशीच घेऊन जाता येत नाही.

१२ नोव्हेंबर

एक प्रश्न नेहमी येतो: गव्हर्नर काढून तीच गाडी आणखी एक हिवाळा का चालवू नये? उत्तर नाही असंच आहे, आणि कारणं यांत्रिक आहेत. या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील ठरावीक फेऱ्यांसाठीच बनवलेले असतात. गव्हर्नर काढला की फेऱ्या त्या मर्यादेबाहेर जातात आणि रॉड तुटून इंजिनच्या खोक्याला भोक पडतं. शर्यतीसाठी हा बदल करणारे आधी रॉड, फ्लायव्हील, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलतात. त्यातूनही गाडीची लांबी, रुंदी, ब्रेक आणि सीट तेवढीच राहते. गुडघा हँडलला लागायचा तो लागतोच, फक्त आता जास्त वेगात.

१६ नोव्हेंबर

पर्याय तीन. तिघांचं तेल-पेट्रोलसकट वजन आणि पेहरावासकट चालवणारीचं वजन यांचं गुणोत्तर काढलं. हा आमचा ठोकताळा, कुठल्या पुस्तकातला नियम नव्हे. स्नोमोबाईल अंग झुकवून वळते, त्यामुळे गाडीपुढे माणूस किती हलका यावर ताबा ठरतो.

१२०, काट्यावर ६६ किलो: १ ला १.८.
२०० वर्ग, ९८ किलो: १ ला २.७.
मोठ्या सांगाड्याची कमी ताकदीची गाडी, २०५ किलो: १ ला ५.७.

तुलनेसाठी, पेहरावासकट ९० किलोचा मोठा माणूस २५० किलोच्या गाडीवर बसतो तेव्हा गुणोत्तर १ ला २.८ येतं. म्हणजे २०० वर्गावर ही मुलगी मोठ्या माणसाइतकीच वजनदार ठरते. तिसऱ्या पर्यायावर ती गाडीवर लादलेलं सामान ठरेल.

२०० वर्गात आर्क्टिक कॅटची झेडआर २०० आणि यामाहाची स्नोस्कूट या जवळजवळ जुळ्या, २०१८ च्या मॉडेल वर्षात आलेल्या, १९२ सीसी यामाहा इंजिनाच्या. स्की-डूचीही एमएक्सझेड २०० आहे. वेगाची मर्यादा साधारण ताशी ५० किमीच्या आतबाहेर. जुनी यामाहा घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: स्नोमोबाईलचा व्यवसाय थांबवत असल्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ हे शेवटचं मॉडेल वर्ष. गाडी त्याने वाईट ठरत नाही, पण स्की, स्पिंडल, शॉक असे झिजणारे-वाकणारे भाग कुठून मिळतील ते घेण्याआधी बघावं.

मोठ्या सांगाड्यात स्की-डू निओ (६०० ईएफआय म्हणजे इंधन-इंजेक्शनचं इंजिन, ४० अश्वशक्ती, आणि निओ प्लस ५५), आर्क्टिक कॅट ब्लास्ट (४०० सीसी दोन-स्ट्रोक, एकच सिलिंडर). चांगल्या गाड्या आहेत, पण पुढच्या टप्प्याच्या.

वाढत्या अंगाचा कोट एक माप मोठा घेतला तर बाही दुमडता येते. गाडीची बाही दुमडता येत नाही. 'पुढच्या दोन वर्षांचं बघून' मोठी गाडी घेण्याचा मोह इथे मोडून काढावा. पहिला हिवाळा मूल ब्रेकपर्यंत न पोचता काढतं आणि त्यातच भीती तरी बसते, नाही तर अंगठा दाबून सगळं निभावतं असा गैरसमज तरी.

निर्णय: २०० वर्ग.

१७ नोव्हेंबर

वेगाचा हिशेब, चाळीस-पन्नास हा आकडा किती मोठा आहे ते कळावं म्हणून. १२० वर चालवणारीसकट १०० किलो, ताशी १३ किमी: गतिज ऊर्जा सुमारे ६५० ज्यूल. २०० वर १३० किलो (आकडा थोडा कमीच धरला आहे), ताशी ४८ किमी: सुमारे ११,५०० ज्यूल. म्हणजे जवळपास अठरा पट. दाबलेल्या बर्फावर मंदन सेकंदाला २.५ मीटर प्रति सेकंद धरलं आणि ब्रेक दाबण्याआधीचा एक सेकंद मिळवला, तर ताशी २५ किमीवरून थांबायला साधारण १७ मीटर लागतात, ४८ वरून ४९ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. सरावाच्या जागेची लांबी यावरून ठरवली.

२३ नोव्हेंबर

नियम. गाडी निवडण्याआधी ती कुठे चालवता येईल हे तपासायचं, कारण प्रदेशागणिक फरक मोठा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशाला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८५ पासून पुढे जन्मलेल्यांना, आणि वय किमान १२. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये चालवण्याचं किमान वयच १६. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची भूमिका त्याहून कडक आहे: सोळाखालच्यांनी स्नोमोबाईल चालवूच नये.

ही भूमिका वाचून बाजूला सारू नये. नऊ वर्षांच्या मुलीसाठी त्यातून निघालेला व्यवहार असा: सार्वजनिक वाट नाही, रस्ता ओलांडणं नाही, गोठलेलं तळं नाही, अंधार पडल्यावर नाही. फक्त खासगी, मोकळी, तारेचं कुंपण नजरेत भरेल अशी जागा आणि हाकेच्या अंतरावर मोठं माणूस.

३० नोव्हेंबर

वापरलेली २०० सीसी गाडी तपासली. लहान मुलांच्या गाड्यांचे तास बहुधा कमी असतात, पण झीज विचित्र जागी होते. पाहिलं ते असं:

तेल. डिपस्टिकवर दुधी फेस म्हणजे पाणी. मूल दहा-दहा मिनिटं फिरवतं, इंजिन पुरतं तापत नाही, आत बाष्प साठतं आणि तेलात मिसळतं. कडाक्याच्या थंडीत तेच बाष्प ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीत गोठून नळी बंद होते, मग आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. इंजिनखाली तेलाचा ओघळ दिसला तर सील बदलण्याआधी ब्रीदर बघावा. इथे तेल काळसर, पण फेस नाही.

कार्ब्युरेटर. गाडी चोकवर चालू होते आणि चोक सोडला की मरते, म्हणजे उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर पायलट जेटमध्ये (कमी फेऱ्यांना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) बसलेला. जेट बाहेर काढून क्लीनरमध्ये भिजवलं, भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत हवा मारली. तार घालून खरवडू नये, भोक मोठं होतं.

स्टिअरिंग. पुढचा भाग उचलून स्की हाताने हलवली. टाय रॉडच्या (हँडलची हालचाल स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकाला खेळ, एक बदलला. बोगदा, म्हणजे ट्रॅकवरचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण, मागच्या बाजूने डोळा लावून बघितला. सरळ आहे. तो वाकलेला असता तर पुढचं काही न बघता गाडी सोडून दिली असती, कारण मग ट्रॅक कधीच सरळ चालत नाही.

ट्रॅकचे गुटके शाबूत. सरकपट्ट्या, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून घसरत फिरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, निम्म्या झिजलेल्या.

७ डिसेंबर

गाडी मुलीला बसवायचा दिवस. इंजिन बंद, गाडी सपाट जागी.

सीट फूटबोर्डपासून ३७ सेंमी. बसल्यावर गुडघ्यात काटकोनाहून थोडा जास्त कोन, तळवे सपाट. उभी राहिल्यावर गुडघे किंचित वाकलेले आणि सीट मांड्यांच्या खाली मोकळी.

हँडल पूर्ण डावीकडे: उजवा हात मुठीवर राहतो, पण खांदा पुढे ओढला जातो आणि कोपर ताठ होतं. कोपर ताठ झालं की अंगठ्याचा थ्रॉटलवरचा ताबा गेला, कारण मग शरीर डुलेल तसा अंगठाही दाबला जातो. हँडल क्लॅम्पमध्ये १२ अंश मागे फिरवलं. पूर्ण वळवल्यावर आता कोपरात बाक राहतो. रायझर (हँडल उंच करणारा तुकडा) बसवायची घाई केली नाही. हँडल उंच झालं की उभं राहणं सोपं होतं, पण बसून हात वर जातात आणि झुकवायचा जोर कमी पडतो.

ब्रेक लिव्हर मुठीपासून ८.५ सेंमीवर होता, पोच ७. समायोजनाचा स्क्रू आत घेऊन ६.८ वर आणला. मग उलट बाजूही तपासली: पूर्ण दाबल्यावर लिव्हर मुठीला टेकता कामा नये. टेकला तर ब्रेक पुरता लागलेलाच नाही. मधे दीड सेंटिमीटर राहतं. शिवाय लिव्हरची कडी सैल करून ती थोडी खाली वळवली, बसलेल्या स्थितीत बोटं सरळ रेषेत पडतील अशी.

थ्रॉटल. हातमोज्याचा अंगठा मूठ आणि लिव्हर यांच्या बेचक्यात अडकत होता. हा दोष गाडीचा नाही, हातमोज्याचा: अंगठ्याच्या टोकाला रिकामी जागा राहते. अंगठ्यात नीट बसणारा हातमोजा घेतला. ज्या गाडीला थ्रॉटल मर्यादेचा स्क्रू असतो तिथे तो वापरावा. नसेल तर प्लास्टिकची पट्टी, दोरा, रबरी नळीचा तुकडा असलं काहीही मुठीवर बांधू नये. सुटलं तर तेच थ्रॉटल उघडा अडकवतं. केबल सैल ठेवून मर्यादा घालण्याचाही प्रयत्न करू नये. काही गाड्यांत थ्रॉटलचा सुरक्षा स्विच असतो, तो केबलची सैल ओळखून इंजिनच बंद करतो.

टेदर (चालवणारी पडली की इंजिन बंद करणारी दोरी): एक टोक सूटच्या पट्ट्याला, उभं राहिल्यावर ताण येणार नाही इतकं लांब. ओढून बघितलं, इंजिन लगेच बंद झालं.

१४ डिसेंबर

स्कीची दिशा. दोन्ही स्कींना पुढून रबरी दोर बांधून सगळा खेळ एका बाजूला घेतला, हँडल सरळ केलं, ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावली. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ५ मिमी जास्त. ३ ते ६ मिमी बाहेर उघडी स्की ठीक. आत वळलेल्या स्की गाडी इकडेतिकडे ओढतात आणि छोट्या हातांना तो हिसका झेपत नाही.

२१ डिसेंबर

पुरेसा बर्फ. सस्पेन्शन.

मागचा एकूण पल्ला १४ सेंमी. मुलगी पेहरावासकट बसल्यावर मागचा बंपर फक्त १.५ सेंमी खाली गेला. जायला हवा ३.५ ते ४.५, म्हणजे पल्ल्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. आधी ही गाडी चालवणारा मुलगा बहुधा जड होता, स्प्रिंगा कडक टोकाला ठेवलेल्या होत्या. मागचं कडक राहिलं की भार स्कींवर येतो आणि हँडल जड होतं. मोजलंच: मुठीच्या टोकाला हुकाचा काटा अडकवून, दाबलेल्या बर्फावर गाडी उभी असताना ओढलं, ६.५ किलो. स्प्रिंगा सगळ्यात मऊ खाचेत आणल्या, बंपर ३.६ सेंमी खाली गेला, काटा ५.४ किलोवर.

पुढचा लिमिटर पट्टा (ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली येईल ते रोखणारा) एक भोक सैल केला तेव्हा काटा ४.७ दाखवू लागला. पण त्याची किंमत लगेच दिसली. थ्रॉटल देऊन वळताना स्की हलक्या पडतात आणि गाडी वळायची सोडून सरळ पळते. मुलाला हे फार गोंधळात टाकतं, कारण हँडल तर वळवलेलं असतं. पट्टा परत मूळ भोकात. हँडल थोडं जड चालेल, न वळणारी गाडी चालणार नाही. कार्बाइड रनर (स्कीखालच्या कठीण धातूच्या पट्ट्या) झिजून गोल झाले होते, तेही बदलले. नवे असले तरी आखूड आणि साधे घेतले, शर्यतीचे धारदार रनर पकड देतात पण हँडल पुन्हा जड करतात.

ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे. मागचा भाग उचलून ट्रॅक सावकाश फिरवला, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. या वर्गातलं इंजिन हवेने थंड होतं म्हणून उघड्या कडक बर्फावर किंवा नुसत्या निसरड्या जमिनीवरही चालेल असं वाटतं. इंजिन चालेल, पण सरकपट्ट्यांना वंगण मिळतं ते उडणाऱ्या बर्फाचंच. ते नसलं की पट्ट्या तापून वितळतात.

२८ डिसेंबर

थ्रॉटल नव्याने शिकवायचा. सपाट जागेवर शंकूंचा लांबट गोल, सरळ बाजू ४० मीटर. काम एकच: गोल पूर्ण होईपर्यंत इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवायचा. वेग किती ते सांगायचं नाही. मूल आवाजावरून अंगठ्याची जागा पटकन पकडतं, आकड्यावरून नाही. सुरुवातीला आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, कारण अंगठा जुन्या सवयीने पूर्ण जातो आणि घाबरून पूर्ण सुटतो. अंगठ्याच्या जोडीला त्याच हाताची तर्जनी मुठीला घट्ट लावून ठेवली की अंगठ्याला टेकू मिळतो आणि लाट कमी होते.

दर वेळी सुरू करण्याआधी थ्रॉटल तीनदा दाबून सोडायचा, टक्‌कन परत आला पाहिजे. गाडी उबेत ठेवून बाहेर काढली की केबलमध्ये वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि थ्रॉटल उघडा अडकू शकतो. ही तपासणी मुलीनेच करायची, मोठ्याने नुसतं बघायचं.

४ जानेवारी २०२५

ब्रेक. दोन शंकूंमधे थांबायचं, आधी चालण्याच्या वेगात, मग थोडं वाढवून. दाबलेल्या बर्फावर लिव्हर एकदम दाबला की ट्रॅक जागीच बंद होतो आणि मागचा भाग बाजूला सरकतो. दाबून किंचित सोडायचं, पुन्हा दाबायचं. डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर नेहमी ठेवलेली असतील तरच हे जमतं.

११ जानेवारी

हेल्मेट. नव्या गाडीबरोबर हेल्मेट एक माप मोठं घेऊन भागवायचं नाही. डोक्यात घालून पट्टा लावल्यावर मागून वर ढकललं आणि पुढे निघालं, तर ते बाद. मोठ्यांच्या कवचाचं हेल्मेट लहान मानेला जड पडतं, म्हणून लहान कवचातलंच घ्यावं. मफलर नाही, गळ्याशी लटकणारं काहीच नाही.

१ फेब्रुवारी

रुतलेली गाडी काढायचा सराव. ९८ किलोच्या गाडीचा मागचा बंपर तिला उचलता येत नाही आणि तो उचलायला लावूही नये. तिने करायचं ते इतकंच: इंजिन बंद, उतरायचं, ट्रॅकपुढचा बर्फ बुटाने दाबून वाट करायची, हाक मारायची. रुतलेल्या ट्रॅकमागे कुणी उभं असताना थ्रॉटल कधीच नाही.

दोरीने इंजिन सुरू करणं तिला थंडीत जमत नाही. बॅटरीवर सुरू होणारी गाडी घेतली ते त्यासाठीच.

१५ मार्च

हंगाम संपला. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी, तेल बदललं, मागचा भाग ठोकळ्यावर ठेवून ट्रॅकचा ताण उतरवला, हवेच्या पेटीचं तोंड जाळीने बंद केलं.

नवं माप: उंची १३७ सेंमी, पेहरावासकट ३८ किलो, बोटांची पोच ७.२. लिव्हरचा स्क्रू चार आटे बाहेर घेतला.

२२ मार्च

मोठ्या सांगाड्यावर कधी, त्याच्या अटी आत्ताच लिहून ठेवतो. पुढच्या हिवाळ्यात गाडी समोर उभी असताना अटी सैल होतात. वाढ धरली तर २०० वर्ग अजून दोन ते तीन हिवाळे पुरेल.

पेहरावासकट वजन किमान ५१ किलो, म्हणजे २०५ किलोच्या गाडीपुढे १ ला ४. तिथेही ती हलकीच पडेल, म्हणून स्कींची रुंदी कमी आणि सीट खाली असलेलीच गाडी बघायची. बोटांची पोच ८.५, कारण या गाड्यांचे लिव्हर त्याहून फारसे जवळ येत नाहीत. बसल्यावर दोन्ही बुटांच्या चवड्यांवर पूर्ण भार घेता आला पाहिजे. हँडल पूर्ण वळवून कोपरात बाक. गाडी एका कुशीवर आडवी झाली तर इंजिन बंद करून, पाय बाहेर काढून स्वतः बाजूला होता आलं पाहिजे. ताशी ४० किमीवरून ठरलेल्या खुणेच्या दोन मीटर आत थांबता आलं पाहिजे, तेही २०० वरच, आधी. आणि त्या वेळी जिथे चालवायची तिथला वयाचा नियम पुरा झालेला असला पाहिजे.

यातली एक अट जरी अपुरी राहिली तर २०० वरच आणखी एक हिवाळा. काही स्की-डू गाड्यांना वेग रोखणारी शिकाऊ चावी मिळते, ती जरूर वापरावी, पण चावी वेग कमी करते, वजन नाही. पुढचं मोजमाप ऑक्टोबरच्या शेवटी, हातमोजे घालून.